पाकळ्या, पूर आणि लाभार्थी

राष्ट्राची सुरक्षा ही अखेर नीट भरलेल्या फॉर्मवर उभी असते. अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या राखीव हेलिकॉप्टर तुकडीला हे सत्य उशिरा कळलं. राखीव तुकडी म्हणजे पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली चांगली कपबशी. महिन्यातून एकदा पुसायची आणि पाहुणे येईपर्यंत जपायची.

कॅप्टन उर्वी टिपणीस एरवी दातांची डॉक्टर, पण महिन्याचा एक शनिवार-रविवार ती वैमानिक असे. यंदा वरून पत्र आलं: तुकडीचा सेवा-इतिहास शुक्रवारपर्यंत पाठवा, लाभार्थी कमी भरल्यास तुकडी बंद. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तिने अकरा माणसं छपरांवरून दोराने वर ओढली होती. पूर पुन्हा येणार आणि तेव्हा ओढायला कोणी नसणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ती इतिहास लिहायला बसली. फुटबॉल सामन्यांवरून घिरट्या: एकतीस. शाळकरी मुलांना आत बसवून फोटो: नऊशे (एका मुलाने कोणतं तरी बटण दाबलं, कोणतं, ते अजून शोधतायत). पूर: अकरा जीव, लाभार्थी शून्य. कारण नियमाप्रमाणे ज्याने समाधानाचा फॉर्म भरला तोच लाभार्थी, आणि त्या अकरा जणांपैकी एकानेही तो भरला नव्हता. (दोघे इस्पितळात होते. बाकीच्यांचे फोन नदीत होते.)

मग नोंद होती मराठी मंडळाच्या गणपती मिरवणुकीवरच्या पुष्पवृष्टीची. चाळीस किलो झेंडू, देठ काढून (उंचावरून पडणारा देठ सुरक्षा अधिकाऱ्यांना घातक वाटला). मिरवणुकीत माणसं सहाशे. भरलेले फॉर्म चार हजार दोनशे. उर्वीने मंडळाच्या अध्यक्षा मीनाक्षी मावशींना फोन लावला.

"मावशी, हे फॉर्म फक्त प्रेझेंट असलेल्यांनी भरायचे होते."

"अगं, सगळे प्रेझेंटच होते. पुणे, नागपूर, माझे सांगलीचे दीर... व्हिडिओ कॉलवर. दिरांना तर गहिवरून आलं. त्यांचे दोन फॉर्म आहेत."

"दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स, मावशी."

"तुकडी टिकवायची आहे ना तुला? मग पाठव."

उर्वीने पाठवले. तुकडी वाचली. तिला आनंद झाला आणि त्याच श्वासात लाजही वाटली. आठवड्याने दुसरा आदेश आला: लाभार्थ्यांचा कल लक्षात घेता दोर ओढायचं यंत्र काढून त्या जागी पाकळ्यांची मोठी टोपली बसवावी. नागरिकांच्या हरकती तीस दिवसांत मागवण्यात येत आहेत.

उर्वीने ती सूचना ओळखीच्या, अनोळखी, मंडळातल्या, मंडळाबाहेरच्या सगळ्यांना पाठवली. हरकत नोंदवायला दोन मिनिटं लागत. तीस दिवसांत आलेल्या हरकती: एक (तिची स्वतःची, हितसंबंधामुळे बाद). त्याच तीस दिवसांत पुष्पवृष्टीचा व्हिडिओ दोन लाख लोकांनी हात जोडलेल्या चित्रासह पुढे पाठवला.

यंत्र मंगळवारी काढलं. टोपली छान बसली आहे. आता उर्वी इतिहासाची पुरवणी लिहिते आहे. व्हिडिओ पुढे पाठवणारेही लाभार्थी धरावेत असा नवा नियम निघाल्याने तिला दोन लाख नावं अकारविल्हे लावायची आहेत. तुमचं नाव तिला कालच सापडलं.