मुका खांब आणि वनराजांचा स्कार्फ

एका जंगलात एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. जिच्या अंगभर काटे असतात आणि वाढदिवसाला जिला सगळे लांबूनच हात हलवून शुभेच्छा देतात, ती. हिचं नाव यमुताई.

यमुताई मनानं अगदी मऊ होती. पण मन आत असतं आणि काटे बाहेर असतात, त्यामुळे जंगलाचा गैरसमज होणं साहजिक होतं. ती पाणवठ्यावर आली की मंडळी "या ना यमुताई, बसा ना," म्हणत आणि म्हणता म्हणता लांब सरकत. कुणी वाईट वागत नव्हतं हो. फक्त तिच्याजवळ खेटून असं कधी कुणी बसलं नव्हतं, आणि याचं तिला फार वाईट वाटे.

मग ती काय करी? क्रोशे विणी. आपल्याच गळून पडलेल्या एका काट्याचं टोक दगडावर घासून तिनं त्याला आकडी पाडली होती. गावाकडच्या मेंढ्या जाता-येता करवंदीच्या जाळीत लोकर सोडून जात. ती वेचून, पिंजून तिनं सूत वळलं होतं. त्या सुताचे ती स्कार्फ विणायची. मनात एकच विचार असे. स्कार्फ झाला की तो कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागेल, आणि गळ्यात घालायचा म्हणजे जवळ जावं लागेल.

पण गिऱ्हाइकं स्कार्फ काठीनं उचलून नेत आणि घरी जाऊन आपले आपण घालत. वर निरोप पाठवत, की फार सुबक झालाय.

एके दिवशी यमुताईला दरबारातून बोलावणं आलं. वनराजांची मानेवरची आयाळ विरळ झाली होती. हे राज्याचं मोठं गुपित होतं आणि ते लहानसहान पोरांनाही ठाऊक होतं. राज्यारोहणाचा वर्धापनदिन तोंडावर आलेला. वनराजांना भाषण करायचं होतं, आणि माकडं मागच्याच फांद्यांवर बसणार होती.

चिटणीस कोल्हेराव म्हणाले, "महाराज, स्कार्फ घ्यावा. दाण्यादाण्यांचा. हल्ली सगळीकडे तेच चाललंय."

आता दाण्यांचा स्कार्फ म्हणजे काय, ते नीट ऐका. पुढे घोटाळा इथूनच होणार आहे. क्रोशात उंच टाक्याला खांब म्हणतात आणि बुटक्या टाक्याला मुका खांब. तो बिचारा डोकं वर काढत नाही, म्हणून मुका. विणीच्या एकाच घरात पाच खांब कोंबायचे, त्यांची डोकी एकत्र बांधायची आणि शेजारी मुका खांब घालून ती आवळून धरायची. जागा पुरत नाही म्हणून खांब फुगून बाहेर येतात, आणि त्याचा टपोरा दाणा होतो. सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांना हे लगेच समजेल.

माप जुळावं म्हणून यमुताईनं वनराजांसमोर बसून विणावं, असं ठरलं. मध्ये एक आडवा ओंडका होता. तरी इतक्या जवळ तिला आजवर कुणी बसू दिलं नव्हतं. ती खुशीत आली. खुशीत आली की तिचं मोजणं जरा मोठ्यानं होत असे.

"खांब, खांब, खांब, खांब, खांब, मुका," ती म्हणाली.

वनराजांच्या आयाळीबरोबर कानांचंही वय झालं होतं. त्यांना ऐकू आलं, "थांब, थांब, थांब, थांब, थांब, मुका."

वनराज जागच्या जागी थिजले. मग मान न हलवता कोल्हेरावांना म्हणाले, "ऐकलंत?"

"ऐकलं, महाराज," कोल्हेराव म्हणाले. ते तेव्हा डुलकी काढत होते.

"ही बाई आमच्याकडे मुका मागतेय."

कोल्हेरावांनी कान टवकारले. यमुताई पुढच्या दाण्यावर होती. तिनं पुन्हा सगळं म्हटलं. कोल्हेरावांचा चेहरा उतरला.

"मुक्याचं एक वेळ सोडून देऊ, महाराज," ते म्हणाले. "पण 'थांब'? 'थांबा' नाही, 'थांब'? आपल्याला अरे-तुरे?"

संध्याकाळपर्यंत पोपटांनी ही बातमी झाडोझाडी पोचवली. माकडांनी आपल्या भावना दुखावल्याचं जाहीर केलं. कोणत्या भावना, असं अस्वलानं विचारलं, तेव्हा बैठक घेऊन सांगतो म्हणाली. साळूचा मुका घ्यायचा तर नेमका कुठून घ्यायचा, यावर रानडुकरांत दोन तट पडले. यमुताई पाणवठ्यावर गेली तर आता "या, बसा" म्हणायलाही कुणी थांबलं नाही.

चौकशी समिती बसली. यमुताईनं सगळा प्रकार उलगडून सांगितला. सुई दाखवली, टाका दाखवला, "अहो, हा पाहा, हाच मुका," असंही म्हणाली. त्यावर दोन सभासदांनी लाजून मान खाली घातली.

"टाक्याला आमची हरकत नाही," कोल्हेराव म्हणाले. "हरकत नावाला आहे."

मग बगळेशास्त्रींना पाचारण झालं. शास्त्रीबुवा भाषेचे मोठे जाणकार. एका पायावर उभे राहून विचार करत आणि मधूनच एखादा मासा गिळत. त्यांनी डोळे मिटले, मासा गिळला आणि सांगितलं, "खांब म्हणजे 'ऊर्ध्वस्तंभ'. मुका खांब म्हणजे 'अनुच्चारी लघुस्तंभ'. कुणाला काही कळायचं कारण नाही, म्हणजे कुणाच्या भावना दुखावायचंही कारण नाही."

"आणि मोजायचं ते मोठ्यानं," कोल्हेराव यमुताईला म्हणाले. "आम्हाला ऐकू आलं पाहिजे. जमत नसेल तर तसं सांगा. दुसरं कुणी बघू."

नाही म्हटलं असतं तर ओंडक्यापलीकडची ती जागा गेली असती. यमुताई हो म्हणाली.

आता तुम्हीच म्हणून बघा बरं. ऊर्ध्वस्तंभ, ऊर्ध्वस्तंभ, ऊर्ध्वस्तंभ. तिसऱ्याला जीभ वळत नाही. यमुताईचा हात पुढे जाई आणि जीभ मागे राही. जीभ गाठायला हात थांबवला की सूत निसटे. ओळ संपली की वीण उलटून धरायची असते आणि दाणा मात्र सुलट बाजूलाच उठवायचा असतो. पण "अनुच्चारी" म्हणेपर्यंत उलट कुठली आणि सुलट कुठली हेच तिच्या ध्यानात राहीना. शेवटची गाठ मारून तिनं स्कार्फ पसरला, तर बाहेरून सगळा सपाट, आणि दाणे सगळे आतल्या अंगाला. तोवर समितीनं तो तपासून सपाट बाजूवर मंजुरीचा शिक्काही मारला होता, आणि शिक्क्याची बाजू बाहेर हवी असा नियम होता.

"हे चुकलंय," ती कोल्हेरावांना म्हणाली. "मला उसवू द्या. पुन्हा विणते."

"तपासून मंजूर झालेली वस्तू उसवता येत नाही," कोल्हेराव म्हणाले. "उसवल्यास ती तपासणारे चुकले असा अर्थ निघतो." त्यांनी स्कार्फ काठीनं उचलला आणि निघून गेले. वर्धापनदिनाचं तिला बोलावणं होतं, पण जागा पार शेवटी, निवडुंगाशेजारी दिली होती. तिला रडू आलं.

समारंभाला सारं जंगल लोटलं. वनराज स्कार्फ घालून उभे राहिले. माकडांना मान दिसली नाही. इथवर सगळं छान झालं.

"बंधुभगिनींनो," वनराज म्हणाले, "शिस्त मोडणाऱ्यांवर कठोर कारवाई..." बोलताना त्यांची मान हलली. मान हलली तसे आतले टपोरे दाणे विरळ आयाळीखालच्या उघड्या कातडीवर फिरले. "कठोर कारवाई, हिहिहि, केली जाईल."

सभा गार पडली. वनराज डरकाळी फोडतात तेव्हा काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते हसतात तेव्हा काय करायचं, याचा सराव कुणालाच नव्हता.

"कुणाचीही गय, हिहि, अहो काढा हे," वनराज म्हणाले.

कोल्हेराव धावले आणि स्कार्फ ओढू लागले. उरलीसुरली आयाळ लोकरीत गुंतली होती. एक झुपका हातात आला. वनराजांनी अशी डरकाळी फोडली, की कोल्हेराव थेट निवडुंगापर्यंत पोचले.

"ओढून निघायचा नाही तो," यमुताई मागून म्हणाली. "बसून उसवावा लागेल."

"मग या आणि उसवा," वनराज म्हणाले.

सगळ्यांनी वाट करून दिली. वाट करून द्यायची त्यांना सवय होतीच. यमुताईनं काटे अंगाशी घट्ट मिटले आणि ती वनराजांच्या अगदी मानेशी जाऊन बसली. मध्ये आज ओंडका नव्हता.

"टोचणार नाही ना?" वनराजांनी हळूच विचारलं.

"तुम्ही हलला नाहीत तर नाही टोचणार."

वनराज हलले नाहीत. यमुताई एकेक टाका सोडवू लागली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मुका, खांब, खांब, खांब..." बगळेशास्त्री खाकरले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही जरा पलीकडे व्हा," वनराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

एकेक दाणा विरघळत गेला. प्रत्येक दाण्यामागे मानेला थोडं खाजवल्यासारखं होई. वनराजांच्या घशातून घुर्र घुर्र आवाज येऊ लागला. भाषण होणार नाही असं दिसल्यावर सभा हळूहळू पांगली. सावल्या लांबल्या तरी ही दोघं आपली तिथंच. यमुताईला वाटलं, आपण आणखी लांब विणायला हवा होता.

अखेर शेवटची साखळी सुटली आणि सुताचा गुंडा तिच्या मांडीवर आला.

"संपला?" वनराजांनी विचारलं.

"संपला, महाराज."

वनराज उठले नाहीत.

"पुन्हा विणाल?"

"विणीन की."

"पुन्हा चुकेल का हो?"

यमुताईनं गुंड्याचं टोक शोधलं आणि सुईवर पहिला फास घेतला.

"चुकवीन, महाराज," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, काम चोख केलं की लोक ते घेऊन घरी जातात; चुकलं तरच उसवून होईपर्यंत जवळ बसतात. म्हणून टाके मन लावून चुकवावेत.