कोंडिबाची काळी जीभ

पोटात जंतूंनी बिऱ्हाड थाटलंय असं डॉक्टर जयवंतांनी सांगितलं, तेव्हा भूगावच्या कोंडिबानं आधी मागं वळून पाहिलं. हे आपल्याच पोटाबद्दल चाललंय याची त्याला खात्री करून घ्यायची होती.

"जित्तं हायेत?" त्यानं हळूच विचारलं.

"जिवंत तर आहेतच, वर पिळाचे आहेत. स्क्रूला आटे असतात ना, तसे. जठरातल्या आम्लात काही जगत नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. आता कळलंय की हे जगतात, आणि अल्सर करतात."

कोंडिबानं पोटावर अलगद हात ठेवला. इतकी वर्षं तो या आगीचा दोष कधी मिरचीला, कधी सासुरवाडीला देत आला होता. पुण्यात घशातून दुर्बीण घालून त्याच्या पोटातली जखम पाहिली होती आणि तिथं कुणीतरी पोट कापण्याची गोष्ट काढली होती. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. बैलालासुद्धा सुई टोचताना तो तोंड फिरवून उभा राहायचा.

"आधी गोळ्या घेऊ," डॉक्टर म्हणाले. "तीन तऱ्हेच्या आहेत. अर्धवट सोडल्या तर उरलेले जंतू शेफारतात, मग त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत. दारू बंद, तंबाखू बंद. शौचाला काळं होईल, ते औषधाचं. पण चक्कर आली तर लगेच निघून या."

सगळं सांगून झालं. जिभेचं तेवढं राहिलं, कारण गोळी पाण्याबरोबर गिळायची असते आणि माणूस ती गिळतो, असा डॉक्टरांचा समज होता.

तंबाखू सुटलेल्या कोंडिबाचा गाल मात्र रिकामा पडला होता. त्यानं तिन्हींतली मोठी पांढरी गोळी दाढेखाली धरली आणि सावकाश चघळली. नवसागरासारखा वास नाकात चढला. तंबाखूची सर नव्हती, पण अगदीच मिळमिळीतही नव्हतं. मग प्रत्येक वेळी तो ती तशीच चघळू लागला.

एका सकाळी शेजारचा भिकू टोमॅटोच्या पाट्या घेऊन एसटीची वाट बघत उभा होता. गाडी आली. तिचा आवाज ऐकून कोंडिबा म्हणाला, "ही काय चांदणी चौकाचा चढ चढत न्हाई बघ."

ती चढली नाही. निम्म्या चढावर बसली आणि टोमॅटो उन्हात शिजले. संध्याकाळी भिकू ते सांगायला आला, तेव्हा कोंडिबा तोंड भरून हसला आणि भिकूचे पाय जागच्या जागी थिजले.

"तात्या, तुमची जीभ! पार डांबर झालंय की!"

काळ्या जिभेच्या माणसाचं बोलणं खरं होतं, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. दिवे लागायच्या आत बातमी सगळीकडं पोचली. भीमाबाईनं नुकतंच झालेलं वासरू गोठ्यात आत नेऊन बांधलं. लीलाबाई नारळ घेऊन आली. "भावजी, आमच्या शिरपतीला म्याट्रिक पास म्हना," म्हणून हात जोडून उभी राहिली. कोंडिबानं पास म्हटलं. आजवर ज्याचं एकही वाक्य बायकोनं, रंभाबाईनं, पुरं होऊ दिलं नव्हतं, तो आता बोलू लागला की खुद्द रंभाबाई पदर सावरून ऐकत बसायची. कोंडिबाला हे सुख नवीन होतं. तो सावकाश, शब्द तोलून बोलायला लागला.

पण त्या गोळ्यांनी तोंडाला लोखंडाची चव आली होती आणि मळमळत होतं. एका सकाळी तो भडकला. "ह्या गोळ्यांनी माजं पोट बरं व्हायाचं न्हाई! कापावंच लागंल!"

चुलीपुढची रंभाबाई दचकली. कोंडिबानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण शब्द निघून गेला होता.

"अवं, काय बोलून बसलासा ह्ये!"

आता गोळ्या घेऊन तरी काय उपयोग? त्यानं पाकीट कोनाड्यात फेकलं. रंभाबाईनं ते उचललं, नवऱ्याला उठवलं आणि दोघं डॉक्टरांपुढं उभे राहिले.

डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि ते हसले. "चघळलीत होय? औषध थुंकीशी मिसळलं की जीभ काळी पडते. गोळ्या संपल्या की जाईल."

"खरं आसंल, सायेब," कोंडिबा म्हणाला. "पर येष्टी बंद पडली."

डॉक्टरांनी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. रागावावं, तर हा माणूस गोळ्या सोडणार. उरलेले जंतू शेफारणार आणि पोटाला खरोखरच सुरी लागणार.

"बरं," ते म्हणाले. "त्याच जिभेनं आता म्हणा, पोट बरं होणार."

कोंडिबानं डोळे मिटून म्हटलं.

"आता एकही गोळी चुकली, तर जीभ लाल पडेल आणि हा शब्द फुकट जाईल. शेवटच्या गोळीपर्यंत ती काळीच राहिली पाहिजे."

रंभाबाईनं मान डोलावली. असा डॉक्टर तिनं जन्मात पाहिला नव्हता. त्याला पोटातले जंतूही दिसत होते आणि जिभेचा कायदाही कळत होता.

दोघं दारापर्यंत पोचले, तोच डॉक्टरांनी व्हरांड्यात कुणी नाही ना ते पाहिलं आणि घसा साफ केला. "कोंडिबा, जाता जाता... माझी पुण्याला बदली होईल, एवढं म्हणा की."

कोंडिबाच्या अंगावर काटा आला. एवढा शिकलेला माणूस आपल्यापुढं हात जोडल्यासारखा उभा! त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात रंभाबाईनं त्याचा सदरा मागून खेचला.

"तोंड आलंय त्यांचं, सायेब," ती म्हणाली. "येतो आमी."

गोळ्या संपल्या. एकही चुकली नाही, कारण रंभाबाई रोज जीभ बाहेर काढायला लावून तपासत होती. पुढं पुण्यात पुन्हा दुर्बीण घातली, तर जखम भरलेली. कोंडिबा कागद घेऊन आला तेव्हा डॉक्टरांचेही डोळे चमकले. हे औषध त्यांनी पहिल्यांदाच कुणाला दिलं होतं.

"जीभ बघू," ते म्हणाले. जीभ लालचुटुक होती. डॉक्टर तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"बदलीचं काय झालं, सायेब?" कोंडिबानं विचारलं.

"नाही झाली. यंदा यादीत नाव होतं, तेही ऐन वेळी गळलं."

"मी तवाच..." कोंडिबा सांगू लागला.

"तुमी गप बसा," रंभाबाईनं त्याला मधेच तोडलं. "कशी व्हईल बदली, सायेब? त्या दिशी घरी गेल्या गेल्या मी यांच्याकडनं म्हनवून घेतलं, डाक्टर हितंच ऱ्हातील म्हनून."