नातं नसलेलं घर

आमच्या गावात एकशे एकोणनव्वद घरं. त्यांतली एकशे अठ्ठ्याऐंशी गोपीचंदभाऊंची नातेवाईक. उरलेलं एक घर आमचं.

हा आकडा अंदाजाने ठोकलेला नाही! गेल्या जुलैत ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसून, एकेक घर घेऊन आम्ही तो काढला. काढताना दोन भांडणं झाली, आणि एका गृहस्थांना आपण आपल्याच शेजाऱ्याचे मावसजावई आहोत हे वयाच्या पन्नाशीत कळलं.

सगळं घडलं माशांमुळे. आमच्या गावतलावात दर जुलैत ग्रामपंचायत माशांची एक लाख पिल्लं, म्हणजेच मत्स्यबीज, विकत घेऊन सोडते. रोहू, कतला, मृगळ. गावातली एकतीस मासेमार घरं ती वर्षभर सांभाळतात, पकडतात, विकतात आणि त्यावरच जगतात. पिल्लं येतात नाल्यापलीकडच्या छोट्या वस्तीवरून, टोलीवरून, गोपीचंदभाऊंच्या तळ्यांतून. ना निविदा, ना तीन दरपत्रकं. दुसरा पुरवठादार आहे, पण तो इतका लांब की पिशवीतली पिल्लं रस्त्यातच उलटी तरंगायला लागतात. म्हणून पंधरा वर्षं एकच नाव, एकच माणूस, एकच सही.

या वेळी मात्र तालुक्याहून सूचना आली. स्पर्धेविना खरेदी करायची तर करा, पण पुरवठादाराशी नातं नसलेल्या कुणीतरी आधी जाऊन माल, भाव आणि मोजणी पाहावी, आणि तसा दाखला द्यावा.

"नातं नसलेलं?" सरपंच पुष्पाबाईंनी डोक्याला हात लावला. "माझा तर थो मावसभाऊ हाय! तुलारामजी, तुम्हीच करा ना."

ग्रामसेवक तुलारामजी खाली पाहू लागले. "माझी साळी त्याहीच्या घरी देली हाय जी."

मग मोजणी सुरू झाली. साळे, साडू, व्याही, मामे, आत्या! एखादं घर सुटतंय असं वाटलं की कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं, "अरे, त्याची आजी टोलीचीच होती ना!" शेवटी माझे बाबा उरले. ते नाकाडोंगरीहून पोस्टात बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. पण ते सरकारी नोकर, त्यांना हे काम चालत नव्हतं. मग उरले मी, रक्षा. प्राणिशास्त्राची पदवीधर, सध्या घरीच.

"तुले जमन का व?" पुष्पाबाईंनी विचारलं.

मला हसू आलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या एका थेंबातले जीव मोजलेली मुलगी! मासे तर नुसत्या डोळ्यांना दिसतात. "एका सकाळचं काम आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मला पुढे बऱ्याच जणांनी परत ऐकवलं.

घरी जाताना रत्नाबाईंनी गाठलं. तलावावर जाळं टाकणाऱ्यांत त्या सगळ्यांत जुन्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "बेटी, लाख लाख म्हणतेत, पण जाळं वरतं काढलं का पानीच जास्त निघते. मागच्या सालात माह्या पोराले कामासाठी सुरतले जा लागलं."

"मग तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"कशी बोलू? गोपीचंदची बायको म्हणजे माह्या जावेची सख्खी बहीन. मी बोलली तं आमच्या घरात दोन चुली होतेत. तू मोज. तुले कोनाचं तोंड पाहाचं नाही." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "अन् लवकर मोज. तलाव भरला हाय. पंधरा दिवसांत पिल्लं नाही पडली तं वाढाची कधी?"

मी रीतसर तयारी केली. पांढरं ताट, चमचा, बादली. आणि एक नियम: पूर्वसूचना द्यायची नाही! कळवून गेलं की लोक नमुना सजवून ठेवतात, हे कुठलंही पुस्तक सांगेल.

आई म्हणाली, "एकटी नोको जाऊ. मी येते." येताना तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली. मग वाटेत स्कूटी थांबवून अर्धा किलो पेढे घेतले.

"आई, ही तपासणी आहे!"

"अशीन. पन कोनाच्या दारी पह्यल्यांदा रिकाम्या हातानं जातेत का?"

आता तुम्ही गोपीचंदभाऊंच्या जागी बसून पाहा. सकाळची वेळ. न कळवता एक आई दारात उभी, अंगावर ठेवणीतली साडी, हातात पेढे. सोबत लग्नाच्या वयाची, शिकलेली मुलगी. समाज एकच. आणि घरात सव्वीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा. नातं नाही याचा अर्थ नातं होऊच शकत नाही असा नसतो, ही गोष्ट माझ्या नियमांतून सुटली होती.

आम्हाला पलंगावर बसवलं. त्यावर नवी चादर आली. आत भांडी वाजली, मग पोह्यांची फोडणी. मुलगा प्रफुल्ल तळ्यावरून आला तो चिखलाच्या पायांनी, आणि पाचच मिनिटांत परत आला तो ओल्या केसांत भांग पाडून. मला वाटलं, व्यवसायात स्वच्छता पाळतात. चांगलं आहे.

मी प्रश्न सुरू केले.

"तळी किती?"

"चार," गोपीचंदभाऊ म्हणाले. "पाचवं खोदनं चालू हाय."

"स्वतःच्या मालकीची?"

"सातबाऱ्यावर माहं अन् पोराचं, दोघाईचं नाव हाय!"

"कर्ज?"

"होतं जी. मार्चमधी फेडलं सारं."

"यंदा आणखी कुठे बोलणी चालू आहेत?"

दारामागून भाऊंच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "नाही व माय! तुमचीच पह्यली."

"मागच्या वर्षी काही तक्रार?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "एक जागा मोडली," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "पन चूक आमची नव्हती. त्याहिले शहरातला पाह्यजे होता."

मी मनात नोंद केली: एक ग्राहक शहरी पुरवठादाराकडे गेला.

"बरं, आता तळं दाखवा. खोली किती?"

तळ्यावर पोचेपर्यंत आमच्यामागे बारा बायका आणि एक आजोबा खुर्चीसकट आले होते. मोजणी पाहायला एवढी जागरूक जनता! मला टोलीचा अभिमान वाटला.

पिल्लं मोजायची रीत अशी. एक बारीक छिद्रांची वाटी असते. ती भरून पिल्लं काढायची, पाणी निथळू द्यायचं. पहिल्या वाटीत किती ते मोजायचं, आणि मग नुसत्या वाट्या मोजत जायचं. प्रफुल्लने वाटी बुडवली, वर आणली, अजून थोडी पिल्लं हाताने तिच्यात लोटली आणि शीग लावून म्हणाला, "लाभ!"

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. ते माप सढळ हाताने भरतात, मग दोन, तीन असं पुढे. धान मोजणारे हात मासेही तसेच मोजत होते.

मी ती वाटी ताटात रिकामी केली आणि चमच्याने मोजली. चारशे बारा.

"पोरगी हिसाबाची पक्की हाय!" मागून एक बाई म्हणाली.

"घर चालवीन बाप्पा हे!" दुसरी म्हणाली. मला ते जरा विषयांतर वाटलं.

"आता मधल्या कुठल्याही पाच वाट्या काढा," मी प्रफुल्लला म्हणाले. "नेहमी काढता तशाच."

"पाच काहून?" त्याने विचारलं. "तीन काहून नाही?"

हा प्रश्न मला आवडला. प्रश्न, म्हणते मी.

नेहमीची वाटी भराभर निघत होती, वर शीग नव्हती. पाच वाट्यांची सरासरी आली दोनशे अडुसष्ट. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. म्हणजे भाव, वाट्या, एक लाखाचा हिशेब, सगळं चालत होतं लाभाच्या वाटीवर, आणि तशी वाटी तर एकच! धानात हे माप घेणाऱ्याला जास्तीचं देतं. माशांत मात्र याच मापाने बाकीच्या सगळ्या वाट्या तोलल्या जात होत्या. एक लाखाच्या नावावर तलावात पडत होती जेमतेम पासष्ट हजार. रत्नाबाईंचं जाळं खोटं बोलत नव्हतं. आणि गंमत म्हणजे, गोपीचंदभाऊही खोटं बोलत नव्हते!

हे कसं सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळीत नारळ ठेवला. बारा बायका एकदम हसल्या. आजोबांनी खुर्चीतूनच आशीर्वाद दिला.

परत येताना नाल्याच्या पुलावर आई म्हणाली, "पोरगा शांत हाय."

"कोणता पोरगा?"

पेढ्यांच्या डब्यातले वाटून उरलेले दोन पेढे आईने पदराखाली धरले होते. मी स्कूटी थांबवली. सकाळपासूनचा एकेक प्रश्न मला आठवला. कर्ज! बोलणी! मोडलेली जागा! कान तव्यासारखे तापले.

बातमी स्कूटीच्या आधी गावात पोचली होती. ओसरीवर पुष्पाबाई हात पसरून उभ्या. "ये व माय! आता तूही आमचीच झाली! तुलारामजी, आता किती?"

"एकशे एकोननव्वद," तुलारामजी म्हणाले. "पुरे झाले जी."

"म्हणजे?"

"म्हंजे तुझा दाखला चालत नाही. अन् दाखल्याबिगर खरेदी होत नाही."

रत्नाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "मोजलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

रात्रभर मी विचार केला. लग्नाची गोष्ट खोटी आहे असं सांगितलं तर भाऊंचा चारचौघांत अपमान होणार. रागावून त्यांनी पिल्लं दिली नाहीत तर दुसरं कुणी देणारं नाही. गप्प बसले तर लाखाच्या नावावर पासष्ट हजार. जिथे एकच दुकान आहे तिथे भांडायची सोय नसते, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. आणखी एक गोष्ट समजली. तालुक्याच्या साहेबांना परकं माणूस हवं होतं. पण गाव परक्या माणसाला फार दिवस परकं राहू देत नाही. त्यात गावाचा काही डाव नसतो. ती त्याची माया असते.

सकाळी आम्ही पुन्हा टोलीवर गेलो. मी, आई, पुष्पाबाई आणि रत्नाबाई. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "भाऊ, मी काल मासे पाहायला आले होते. फक्त मासे."



"मले वाटलंच," प्रफुल्ल म्हणाला. "सोयरिकीले आलेली पोरगी तळ्याची खोली विचारत नाही."

"मंग तू बोलला काहून नाही रे?" काकू कडाडल्या.

तो उगाच बादली धुवायला लागला.

"अन् आमचा नारळ?" काकू आईकडे वळल्या.

"त्याची रातीच बर्फी केली," आई कसनुसं हसत म्हणाली.

"मंग बर्फी तरी आनाची होती!"

मी लाभाच्या वाटीचं गणित सांगितलं. भाऊंचा चेहरा लाल झाला. "म्हंजे मी चोर? पंधरा साल गावाले लुबाडलं?"

"चोर असता तर पहिली वाटी कमी भरली असती, भाऊ. तुम्ही ती जेवढ्या मोठ्या मनाने भरली, तेवढं पुढे कमी पडलं."

ते मान हलवत राहिले. "माहा बाप असाच मोजे. नाही द्याचं मले बीज! जा, दुसरीकडून आना!"

पुष्पाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तलाव मीच पिऊन टाकला होता. तेव्हा रत्नाबाई पुढे झाल्या.

"भाऊजी, जाळं मी टाकतो. पंधरा सालापासून टाकतो. मले माहीत होतं, पन जावेच्या बहिनीच्या घरचं म्हनून मी बोलली नाही. आता बोलली. दोन चुली कराच्या तं करा."

भाऊ स्वतःच वाटी उचलून तळ्यात उतरले. एक वाटी काढली आणि पांढऱ्या ताटात ओतून माझ्यासमोर ठेवली. "मोज. माह्यासमोर मोज."

मोजली. दोनशे चौऱ्याहत्तर. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला आणि तीच वाटी स्वतः पुन्हा मोजली. मग काठावर बसले आणि प्रफुल्लला म्हणाले, "पिशव्या धुऊन ठेव."

चार दिवसांनी तलावाच्या पाळीवर गाव जमलं. पहिली वाटी भाऊंनी शीग लावून भरली. सगळे "लाभ!" म्हणाले, आणि ती हिशेबात न धरता पाण्यात सोडली. मग रत्नाबाईंनी आपल्या हाताने पाच वाट्या निवडल्या. सरासरी दोनशे एकाहत्तर. तीनशे एकोणसत्तर वाट्या पडल्यावर मी गुणाकार केला.

"नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव."

"एक कमी!" रत्नाबाई ओरडल्या. सरासरीचा हिशेब इतका काटेकोर नसतो, हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. प्रफुल्लने चमच्यात एक पिल्लू घेतलं, सगळ्यांना दाखवलं आणि पाण्यात सोडलं.

मी दाखल्यावर सही करत होते तेव्हा पुष्पाबाईंनी विचारलं, "नातं नाही ना व?"

"नाही," मी म्हणाले. "आज नाही."

मार्चपर्यंत रत्नाबाईंचा मुलगा सुरतहून परत आला.

या जुलैत पुन्हा खरेदी निघाली आणि ओसरीवर पुन्हा मोजणी झाली. एकूण घरं एकशे एकोणनव्वद. नातं नसलेली, शून्य.