मोजलंय, का लिहिलंय?

आमच्या गल्लीच्या मंडळानं मोफत रक्तदाब तपासणी ठेवली होती, तेव्हा मी एक चूक केली. माझ्या मागं रांगेत दहा-बारा माणसं होती आणि घरी पोहे निवत होते. म्हणून खुर्चीत बसता बसता मी समोरच्या सिस्टरना म्हणालो, "आक्का, एकशेवीस-ऐंशी लिहून टाका की. माझं तेवढंच असतंय."

इंदूआक्कांनी पेन खाली ठेवलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "मास्तर, हे मोजलंय, का लिहिलंय?"

मी हसलो. ती दुसरी चूक.

"पाच मिनिटं गप बसायचं. पाय जमिनीवर. बोलायचं न्हाय."

दोन मिनिटं मी बसलो. मग मागच्या माणसाची दया आली म्हणून त्याला म्हणालो, "होतंय हं आत्ता."

"बोलला. पयल्यापासनं पाच."

चौथ्या मिनिटाला मोबाईल वाजला. मी सवयीनं तो कानाला लावला आणि सवयीनंच "मीटिंगमध्ये आहे" म्हणालो.

"परत बोलला. आणि खोटं बोलला. पयल्यापासनं."

शेवटी आकडा निघाला एकशे अठ्ठावन्न-शहाण्णव. आक्कांनी तो काही न बोलता कार्डावर लिहिला. पण मागं माझी बायको उभी होती, आणि तिला आकडे वाचता येतात. त्या दिवसापासून आमच्या घरी लोणच्याची बरणी मला न सांगता जागा बदलत असते.

तर या इंदूआक्का. वडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. मूळ गाव संकेश्वरकडचं. लग्न केलं नाही. वय पंचावन्नच्या आसपास. असं मी म्हणालो की त्या लगेच "चोपन्न आणि सात महिने" अशी दुरुस्ती करतात. बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात त्या एका वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर आहेत. तिथल्या पोरी त्यांना पाठीमागं 'मीटरआक्का' म्हणतात. नाडी पंधरा सेकंद मोजायची आणि चारनं गुणायचं, हा जगभर चालणारा व्यवहार. आक्कांच्या वॉर्डात तो चालत नाही. एका नवीन सिस्टरला त्यांनी तसं करताना पकडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "उरलेली पंचेचाळीस सेकंदं कुणाच्या घरात ठेवून आलीस गं?"

वॉर्डात हे ठीक आहे. पण आक्का हॉस्पिटलातून सुटल्या तरी हॉस्पिटल त्यांच्यातून सुटत नाही. आमच्या शेजारच्या आप्पांचे सहा यंत्रमाग आहेत. साड्या विणतात. त्यांचा थोरला भाऊ वारला तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. आप्पा डोळे पुसत म्हणाले, "एकशेचारवर ताप गेलता ओ."

तिथं जमलेली सगळी माणसं हळहळली. आक्कांनी विचारलं, "थर्मामीटर कुणी लावलता?"

कुणीच लावला नव्हता. वहिनींनी कपाळाला हात लावून बघितलं होतं.

"मग अंगाला चटका बसत हुता म्हणा. एकशेचार म्हणू नका."

दुखवट्याच्या घरात कुणाला हसू येऊ नये अशी पद्धत आहे. मी बाहेर येऊन चप्पल शोधायचं नाटक केलं.

पुढं आप्पांनाच एकदा माग चालू असताना भोवळ आली. आक्का धावत आल्या, मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं, आणि ओरडल्या, "माग बंद करा!"

"आक्का, ऑर्डर हाय ओ," आप्पांचा मुलगा म्हणाला.

"मी आप्पाची नाडी मोजाय आलोय, तुझ्या मागाची न्हाय. बोटाला खटक-खटक तीच लागतीया."

(आमच्या भागातल्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पुण्याचे पाहुणे दचकतात. आम्ही दचकत नाही.)

सहा माग बंद झाले. तरी भिंतीतून शेजारच्यांच्या मागांचा आवाज येत होता, तेही बंद करायला लावले. मग समोरच्यांचे. वडगावात भरदुपारी इतकी शांतता पसरली की पाळण्यातली पोरं दचकून उठली आणि रडायला लागली. आक्कांनी मग पोरांनाही गप करायला सांगितलं. आप्पांची नाडी निघाली शहात्तर. काही झालं नव्हतं, उपास होता.

हे सगळं मी आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये नकलेसकट सांगत असे. आक्कांची नक्कल मला छान जमते. लोक खुर्चीवरून घसरत. तेव्हा मला कल्पना नव्हती की एक दिवस आक्कांच्या दारात मीच, हातात कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन, घसरणार आहे.

त्याचं असं झालं. आमची मुलगी ऋतुजा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात एक प्रात्यक्षिकाची वही असते. पन्नास पेशंटांची नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब स्वतः बघून त्यात लिहायचे, आणि ज्या वॉर्डात काम केलं तिथल्या प्रमुख सिस्टरची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही. शनिवारी शेवटचा दिवस. ऋतुजाचं नशीब असं, की तिला मिळाला आक्कांचा वॉर्ड. मंगळवारी संध्याकाळी ती रडत घरी आली; आक्कांनी सही न करता वही ठेवून घेतली होती. वहीत पन्नास पेशंट होते. खरे होते एकतीस. बाकीचे एकोणीस तिनं मैत्रिणीच्या खोलीवर बसून जन्माला घातले होते.

"सगळ्याच करतात, बाबा," ती म्हणाली. "आमच्या वर्गात कुणीबी पन्नास करत न्हाय."

आता इथं मला एक कबुली द्यायला हवी. आम्हा शिक्षकांना पाठाचं टाचण रोज लिहावं लागतं. मी ते दिवाळीच्या सुट्टीत एका बैठकीत लिहितो. झालेले तास आणि न झालेले तास, दोन्ही. मधेमधे निळी शाई बदलून काळी घेतो, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसतं. तपासायला येणारे साहेब आजवर दरवेळी खूश होऊन गेलेत. ही युक्ती मी कधीतरी जेवताना घरात अभिमानानं सांगितली होती. मुलं आपलं ऐकत नाहीत, अशी माझी समजूत होती.

बायको म्हणाली, "जावा. तुमचीच लेक हाय."

मी अर्धा किलो कुंदा घेतला आणि गेलो.

आक्कांनी डबा हातात घेतला, आत नेला आणि काट्यावर ठेवला. त्यांच्या ओट्यावर काटा कायम मांडलेला असतो. "अर्धा किलो म्हणून दिलाय न्हवं? चारशे साठ भरतोय. डब्यासकट."

अशा सुरुवातीनंतर माणसाला फारसं बोलता येत नाही. आक्कांनी ऋतूची वही माझ्यासमोर उघडली.

"हे बघा मास्तर. एकोणीस माणसं. सगळी मिनिटाला अठरा श्वास घ्यालीत. मिलिटरी भरती झालती काय माझ्या वॉर्डात? आणि ही चौदा नंबरच्या खाटेवरची बाई. चौदा नंबरची खाट म्हैनाभर दुरुस्तीला गेलिया. ही बाई काय हवेत झोपलीया?"

मी ते पान हळूच उलटलं.

"आणि ही शाई. एक पान निळं, एक काळं. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल न्हाय. ही कुणाची अक्कल?"

मी छताकडं बघितलं. पंखा स्वच्छ होता.

मग मी वकिली सुरू केली. मी म्हणालो, आक्का, ही नुसती वही आहे. त्या एकोणीस जणांना काही झालं नाही, कारण ते एकोणीस जण नाहीतच. वही वेगळी, पेशंट वेगळा. खरा पेशंट समोर आला की ऋतू असं कधी करणार नाही. आम्ही टाचण खोटं लिहितो, पण म्हणून वर्गात खोटं शिकवतो का? एका सहीसाठी पोरीचं वर्ष घालवू नका.

मला वाटलं, आता तोफ डागली जाणार. पण आक्का खाली बसल्या.

"मीबी आसंच म्हणत हुतो," त्या म्हणाल्या. "निपाणीला हुतो तवा. बावीस वर्षांची. एका बारक्या दवाखान्यात अठ्ठावीस खाटा आणि सिस्टर मी एकटी. झोपलेल्याला कशाला उठवायचं, म्हणून एकदा आदल्या वेळेचा आकडा बघून तसलाच लिहिला. काय झालं म्हाईत हाय?"

मी घाबरत विचारलं, "काय?"

"काय बी न्हाय. तो माणूस बरा होऊन घरला गेला. जाताना मला पेढे दिऊन गेला. मग दुसऱ्याचा लिहिला. मग झोपलेल्या सगळ्यांचा. मग जाग्या असलेल्यांचाबी. सात-आठ म्हैने. एकालाबी काय झालं न्हाय. उलट मोठ्या बाई म्हणायच्या, इंदूचा तक्ता बघून शिका, कसा मोत्यावानी लिवलाय."

आक्कांनी कुंद्याच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"मग माझी आई आजारी पडली. कोल्हापूरला दवाखान्यात ठिवली. मी गेलो, तर खाटेच्या पायथ्याला तक्ता. नाडी ऐंशी, श्वास अठरा, ताप न्हाय. दर चार तासाला. अक्षर असं सुरेख, मला वाटलं माझंच हाय. तिथल्या पोरीला विचारलं, बघितलंस का गं? ती म्हणाली, आत्ताच की. खरंच बघितलं असंल ओ तिनं. पोरगी चांगली हुती. पर मला ते खरं वाटंना. मी कसं लिहितोय ते मला म्हाईत हुतं न्हवं."

"मग?"

"मग मी आईचं मनगट धरून बसलो. नऊ दिवस. दर तासाला पुरं एक मिनिट नाडी, पुरं एक मिनिट श्वास. आई मधीच कायतरी बोलाय लागायची. मी म्हणायचो, गप आई, बोललीस की चुकतंय. ती गप बसायची. शानी हुती." आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "नवव्या दिवशी गेली. मास्तर, त्या नऊ दिवसांतलं तिचं सगळं श्वास माझ्याकडं लिवलेलं हायेत. वही हाय. पर ती काय सांगाय बघत हुती, ते मला म्हाईत न्हाय."

बाहेर आप्पांचे माग चालू होते.

मग आक्का त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सही करणार न्हाय. उद्या, परवा, तेरवा आणि शनिवार. रोज पाच, शनिवारी चार. एकोणीस बसत्यात. ऋतूला म्हणावं ड्युटी संपली की घरी पळायचं न्हाय. मी थांबतो."

बुधवार त्यांचा सुट्टीचा वार होता. तरी त्या गेल्या. वहीतल्या एकोणीस खोट्या पेशंटांवर ऋतूला स्वतःच्या हातानं लाल रेघ मारायला लावली. पहिले दोन दिवस ऋतू घरी येऊन भांडी आपटत होती. "एकेका माणसापाशी वीस मिनिटं, बाबा! त्यातली पाच नुसती गप बसायची!" मी तिला रक्तदाबावर गप बसण्याचे फायदे सांगायला गेलो, तर तिनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली, की आक्कांची शिकवण लागू पडतेय हे माझ्या लक्षात आलं.

शनिवारी दुपारी ती सही घेऊन आली. पन्नास पूर्ण. सगळी पानं एकाच, निळ्या शाईची. माझ्यापुढं वही टाकून ती जेवायला बसली आणि पहिल्या घासाला म्हणाली, "शेवटची एक म्हातारी हुती, कणकुंबीकडची. मी श्वास मोजायला लागले की ती बोलायला लागायची. म्हशीचं सांगायची, नातवाचं सांगायची. तीनदा मोजणं मोडलं. कॉलेजचं ऑफिस बंद व्हायला अर्धा तास उरलेला. शेवटी मी ओरडले, आजी, जरा गप बसा की."

"मग आक्का काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बोलू दे गं तिला. आपण मग मोजू. आणि स्टूल ओढून तिच्यापाशी बसल्या. म्हशीचं नाव काय, दूध किती देती, सगळं विचारलं. दूध किती म्हटल्यावर ती आजी वाट्टेल ते सांगत हुती, बाबा. आठ लिटर म्हणाली, मग बारा म्हणाली. आक्का नुसत्या व्हय व्हय म्हणत हुत्या."

"मोजलंय का लिहिलंय, असं विचारलं नाही?"

"न्हाय. मग म्हातारीच दमून गप झाली. तवा मोजलं. बावीस हुते. मी धावत ऑफिस गाठलं."

मी ही हकिगत स्टाफरूममध्ये सांगितलेली नाही. नकलेत ती बसत नाही. बायकोला मात्र त्या संध्याकाळी सगळं सांगितलं: कोल्हापूरचा दवाखाना, नऊ दिवस, आई. माझ्या पद्धतीनं जरा रंगवूनच सांगितलं. माझा कसा कंठ दाटून आला, आपण माणसं ओळखायला कसे चुकतो, मला आयुष्याबद्दल काय काय वाटलं, असं बरंच. ती शेंगा सोलत ऐकत होती. माझं संपेपर्यंत ती एका शब्दानं मधे बोलली नाही. मग टरफलं गोळा करून उठली.

"रविवारी दुपारी मी आक्कांकडं जाऊन बसतो," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका. तुम्ही असला की दुसऱ्याला बोलायला जागाच ऱ्हात न्हाय."