रेघेपुढे एक बोट

"आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" हे वाक्य स्टोअरसाहेब दिवसातून दोनदा म्हणत. एकदा दाढी करताना आणि एकदा कुणी ऐकायला सापडेल तेव्हा. कारखान्याचं स्टोअर त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक नट बाहेर गेला नाही. निरोपाच्या दिवशी दिलेल्या गुच्छातली फुलंही त्यांनी आधी मोजली आणि मगच गुच्छ हातात घेतला, असं त्यांचे सहकारी अजून सांगतात.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि त्याने चक्क एक प्रवासी ट्रेलर घेतला! गाडीच्या मागे जोडून न्यायची दोन चाकांवरची खोली. आत पलंग, छोटा ओटा, खिडकीला पडदे. बायकोने नाक मुरडलं आणि एकच अट घातली.

"येईन मी. पण एकदा थांबलं की घर हललेलं मला चालायचं नाही! मी चहा गाळत असताना घर निघालं उताराने, तर मी काय करायचं?"

"अगं, ते माझ्यावर सोड," साहेब म्हणाले. "मी अडवलेली वस्तू हलत नाही!"

ते चाकाखाली लावायचे ठोकळे आणायला गेले. दुकानदाराने प्लास्टिकचे दाखवले. साहेबांनी एक ठोकळा वाजवून पाहिला. "पोकळ आहे!" मग दुकानदाराने रबराचे काढले. साहेबांनी ते हुंगले, टाचेखाली दाबले आणि उलटे करून काही लपवलंय का तेही पाहिलं.

"साहेब, चार घ्या," दुकानदार म्हणाला. "प्रत्येक चाकाला पुढून एक, मागून एक."

"चार कशाला?" साहेबांचे डोळे बारीक झाले. "उतार एकाच बाजूला असतो ना? मग ट्रेलर काय चढावर पळणार आहे? मला शिकवताय का?"

त्यांनी मोजून दोन घेतले. ट्रेलरला हँडब्रेकही होता, पण तो त्यांनी ओढलाच नाही. त्याची तार आत कुठेतरी असते, दिसत नाही आणि जे दिसत नाही त्यावर साहेबांचा काडीचा विश्वास नव्हता.

घरासमोरचा रस्ता थोडा उताराचा. ट्रेलर तिथे कडेला लावून साहेबांनी तो गाडीपासून सोडवला, उताराच्या बाजूने दोन्ही चाकांना ठोकळे बसवले आणि ठोकळ्यांपुढे जमिनीवर खडूने रेघ मारली. वर ट्रेलरच्या दाराला वही टांगली. आत कोण गेलं, किती वाजता, कशासाठी; खाली सही. "म्हणजे मी पाणी प्यायला आत गेले तरी सही?" बायकोने विचारलं. "का? तुला वेगळा नियम?" साहेब म्हणाले. त्या वहीत तिचं नाव कधी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतात तर ठोकळे रेघेपुढे एक बोट!

साहेबांनी पुन्हा वाकून पाहिलं. एक बोट म्हणजे एक बोट! त्यांनी नवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक बोट. चौथ्या दिवशी दीड!

"कुणीतरी रोज दुपारी माझे ठोकळे सरकवतंय," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

बायकोच्या हातातला घास थांबला. "दुपारीच कशावरून?"

"सकाळी मी पाहतो, जागेवर असतात. दुपारी माझा डोळा लागतो, संध्याकाळी सरकलेले. माझी झोपेची वेळ त्याला पाठ आहे!"

"अहो, जड वस्तू आहे, बसत असेल थोडी."

"तू त्याची बाजू का घेतेस?"

"कुणाची?"

"तेच तर शोधायचंय!"

संशय आधी पेपरवाल्यावर गेला, मग समोरच्या इस्त्रीवाल्यावर. शेवटी तो उताराच्या टोकाला असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांवर जाऊन बसला आणि तिथून हलेना. मास्तर रोज जाता-येता म्हणायचे, "साहेब, मागूनही ठोकळे लावा हो. आणि हँडब्रेक ओढा." आता बाहेरच्या माणसाला दुसऱ्याच्या ट्रेलरची एवढी काळजी का? साहेबांनी मनात खूणगाठ बांधली.

या चौकशीपायी निघायचा दिवस तीनदा पुढे गेला. तळ्याकाठची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, पण उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. बायको शेवटी कडाडली. "उद्या सकाळपर्यंत निघाला नाहीत, तर मी ताईबरोबर बसने जाईन. तुम्ही बसा इथे रेघा मारत!"

साहेब हबकले. सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. एकतीस वर्षं तिला कुठे नेलं नव्हतं, स्टोअरची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली असती म्हणून. आणि आता ती त्यांना सोडून निघाली! चोर आजच सापडायला हवा होता.

त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. घोरण्याचा आवाज मात्र काढत राहिले. बायकोची पावलं दारातून बाहेर गेलेली त्यांनी ऐकली. 'ताईकडे चालली असेल,' ते मनात म्हणाले आणि हळूच उठले. एका हातात पावडरचा डबा, दुसऱ्या हातात हातोडी, खिशात दोन स्वच्छ पिशव्या. पावडर टाकली की बोटांचे ठसे दिसतात, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. पण ठसे चाकाकडच्या बाजूला असणार! म्हणजे ठोकळा काढूनच पाहायला हवा.

डावा ठोकळा दोन ठोक्यांत निघाला. ट्रेलर जरासा शहारला. साहेबांनी पुरावा पिशवीत घातला.

उजवा जाम रुतला होता. "हं! घट्ट बसवलाय लेकाने," ते पुटपुटले आणि त्यांनी हातोडी उचलली. एक, दोन, तीन...

ठोकळा उडाला. आणि ट्रेलर निघाला!

पुढच्या दांड्याखालच्या छोट्या टेकणीच्या चाकावर तोल सावरत तो शांतपणे, ऐटीत चालू लागला. साहेबांनी उडालेला ठोकळा सवयीने उचलून दुसऱ्या पिशवीत घातला. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर आतच बसला होता!

"चोर! चोर! ट्रेलर पळवला!" ते पुरावा छातीशी धरून मागून धावले. पावडरचा डबा वाटेत उघडला आणि ते नखशिखांत पांढरे झाले. इस्त्रीवाला इस्त्री टाकून बाहेर आला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी शिकाऊ बाईंसकट समोरून येत होती. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, खाली उडी मारली आणि दोन्ही हात पसरून ते ट्रेलरसमोर उभे राहिले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला झाले.

ट्रेलर सरळ स्कूलच्या जुन्या टायरांच्या ढिगात शिरला, मऊपणे बसला आणि थांबला.

दार उघडलं. दारात बायको! अंगावर नवी साडी, हातात पर्स, चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेला आनंद. मागे पलंगावर उशा रचलेल्या, फळीवर डबे ओळीने लावलेले. आठवडाभर रोज दुपारी ती आत येऊन सामान लावत होती, पलंग इकडून तिकडे सरकवत होती. सही न करता!

"शेवटी निघालात एकदाचे!" ती म्हणाली. "मला न सांगता? मला वाटलंच, आज काहीतरी गंमत करणार तुम्ही! पण काय हो, एवढ्यात आलंसुद्धा?"

साहेबांनी आधी ट्रेलरकडे पाहिलं, मग टायरांच्या ढिगाकडे. मग ते म्हणाले, "हो. पहिला मुक्काम."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "अहो, इथून तर आपल्याच गच्चीवरचे कपडे दिसतायत."

"म्हणूनच ही जागा निवडली. लक्ष ठेवता येतं."

तिची नजर पिशव्यांवर गेली. मग त्यांच्या पांढऱ्या मिशीवर. मग पुन्हा पिशव्यांवर. "ठोकळे तुमच्या हातात आहेत, तर मग चाकाखाली काय होतं?"

"त्याचीच चौकशी चालू आहे," साहेब म्हणाले.

बायको हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत तिने फर्मावलं, "चौकशी वाटेत करा. आधी गाडी आणा आणि जोडा. निघाले ते निघाले, आता मी घरात परत जायची नाही!"

साहेब मुकाट्याने चढ चढू लागले. मास्तरांनी त्यांच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या, एका चाकाला पुढून-मागून ठोकळे लावले, दुसऱ्याला दोन दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि साहेब गाडी घेऊन येईपर्यंत ते चाकाला पाय लावून तिथेच उभे राहिले. न जाणो, साहेब पुन्हा पुरावा गोळा करायला यायचे!