येऊ घातलेले गुण

मनोहरकाकांच्या घरात पहिल्या खेपेला नीट आत शिरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही दार ढकलून पाऊल टाकता न टाकता तोच समोरच्या खुर्चीतून आवाज येतो, "छान होतं. आता आणखी छान. पुन्हा या!" मग तुम्ही बाहेर जायचं, पायरीवर उभं राहायचं, खांदे मागे घ्यायचे, चेहऱ्यावर हसू आणायचं आणि नव्याने आत यायचं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी सिलिंडरसकट परत फिरवलं होतं. काकांना ताप आला म्हणून तपासायला आलेले डॉक्टरसुद्धा मुकाट्याने दुसऱ्यांदा आत आले. माझा नवरा सोलापूरचा. लग्नानंतर पहिल्यांदा काकांच्या पाया पडायला केशवापूरला गेलो, तेव्हा "पुन्हा या" ऐकून तो जो बाहेर गेला, तो सरळ रिक्षात जाऊन बसला. लाज कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत काढली. गदगची गाडी कधी, शिरशीची गाडी कुठं लागते, हे जाळीतून सांगायचं. "माणसं माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलायची," असं ते म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथल्याच लॅमिंग्टन रोडवर एका मित्राच्या चष्म्याच्या दुकानावरची खोली मिळवली आणि दर रविवारी तिथं तरुणांसाठी वर्ग सुरू केला. फुकट. विषय एकच, पहिली छाप. त्यासोबत हस्तांदोलन, उभं राहणं, बसणं, डोळ्याला डोळा देणं आणि सकारात्मक विचार.

सकारात्मक विचारांत काकांचा मुख्य नियम असा, की 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दूध संपलं, तर दूध यायचं आहे. लाईट गेली, तर लाईट विश्रांती घेतेय. नापास झालेला मुलगा हा पास होण्याच्या वाटेवर असतो. आणि तुमच्यातला दोष? दोष नसतोच. तो येऊ घातलेला गुण. या सगळ्याच्या मध्ये मध्ये त्यांचं कानडी पालुपद असतं, "नग्री! स्वल्प नग्री!" म्हणजे हसा हो, जरा हसा. पुण्याच्या एका पाहुण्यांनी भाबडेपणानं विचारलं होतं, "कुठल्या नगरीबद्दल बोलताहेत हे?"

काकांचं लग्न झालं नाही. मुलगी बघायला गेले, की ते मुलीच्या बापाला हस्तांदोलन शिकवत. घरात हे विनोदानं सांगतात. पण त्यांच्याबरोबर चारचौघांत जायची वेळ आली, की विनोद संपतो. आमच्या गल्लीतले अप्पा वारले तेव्हा काका भेटायला आले. दारात खांदे मागे, चेहरा प्रसन्न. अप्पांच्या मुलाचा हात घट्ट दाबून म्हणाले, "ताठ बस बाळ. लोक येताहेत." आईनं तोंडावर पदर घेतला. आजूबाजूच्यांना वाटलं, तिला रडू कोसळलं.

मी इथल्याच औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. कामगारांची भरती, रजा, हजेरी हे माझ्याकडे. परवाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे फिटरच्या जागा निघाल्या. मुलाखतीला पुण्याहून आलेले मोठे साहेब, आमचे वर्कशॉपचे पाटील आणि मी, असे तिघं बसलो होतो.

पहिला मुलगा दारात थांबला. खांदे मागे घेतले. एक मोठा श्वास घेतला. आणि तोंडभर हसला. हे हसू मी ओळखत होते. तो आला, साहेबांचा हात धरला आणि डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "सर, ही भेट माझ्या आयुष्यातली सोनेरी पहाट आहे." तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते.

साहेब खूश झाले. म्हणाले, "वा! बरं, तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"दोष कसला, सर? येऊ घातलेला गुण म्हणा."

साहेबांना ते आवडलं. त्यांनी पाटलांकडे कौतुकानं पाहिलं. पण दुसऱ्या मुलाचीही सोनेरी पहाट निघाली, त्याच्याकडेही येऊ घातलेला गुण निघाला, तेव्हा पाटलांनी खाली मान घालून खोकायला सुरुवात केली. तिसरी सविता. केळगेरीची मुलगी, आयटीआयला वर्गात पहिली आलेली. तिचे कागद बघून पाटील तयारीत बसले होते. तिनंही श्वास घेतला, पहाट झाली. "मायक्रोमीटर वापरता येतो ना?" असं पाटलांनी विचारलं, तर ते सोडून ती आत्मविश्वासाचं महत्त्व सांगू लागली. सांगताना तिच्या हाताची बोटं एकमेकांत पिळत होती. तिला कामाचं बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. पण शिकवलेलं संपल्याशिवाय तिला थांबता येईना.

चौथा मंजुनाथ. तोवर साहेब हसू दाबत डोळे पुसत होते. त्यांनी मुद्दाम विचारलं, "समजा, चालू पाळीत मशीन बंद पडलं. काय कराल?"

मंजुनाथ ताठ बसून म्हणाला, "सर, मशीन विश्रांती घेतंय असं समजेन."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. पाटील टेबलावर डोकं ठेवून हसले. मंजुनाथही हसला, कारण हसरा चेहरा ठेवायचा होता. हसू ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, "कोण रे बाबा तुमचे गुरू?"

"मनोहर सर," मंजुनाथ अभिमानानं म्हणाला. आणि माझ्याकडे हात करून, "या मॅडमचेच काका की, सर!"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब सभ्य माणूस. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि पाणी प्यायले. चौघांपैकी कुणालाच घेतलं नाही.

संध्याकाळी काका पेढे घेऊन घरी हजर. निकालाच्या आधी पेढे आणायचे, म्हणजे निकालाला दिशा मिळते, हा त्यांचाच नियम. मी पेढ्यांचा पुडा हातात घेतला नाही. सगळं सांगून टाकलं. पहाट, विश्रांती, सगळं. रागानंच सांगितलं.

ऐकता ऐकता काकांचे खांदे खाली आले. मग त्यांनी विचारलं, "हसले?"

"हसले."

"कुणाला? पोरांना की मला?"

हसले ते पोरांना. पण त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला."

"मग बरं," ते म्हणाले. आणि खरोखरच त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते केळगेरीला सवितेच्या घरी गेले. तलावाच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर. वडील गवंडीकाम करणारे. नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते. काकांना बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काय ओ सर, पोरीला आमच्या बाहुली करून पाठवलासा की! तिला हत्यारं हातात घेता येत्यात. तुम्ही तिला हात हलवायला शिकवलासा."

अशा वेळी काका एरवी काहीतरी उजळ बोलले असते. मी तर ते आता काय बोलतील या भीतीनं जमिनीकडेच बघत होते. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे, अण्णा. हिला येत होतं, त्यावर मी माझं पांघरूण घातलं."

आतून सविता आली. "अप्पा, पुरे," वडिलांना म्हणाली. काकांकडे तिनं पाहिलं नाही. तिलाही लाज वाटत होती, आणि ती काकांची होती की स्वतःची, ते तिला सांगता आलं नसतं. कुणी बसा म्हणालं नाही. आम्ही निघालो.

साहेब पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी काका न सांगता कारखान्यात आले. गेटवरून मला फोन आला तेव्हा मी धावत खाली गेले. त्यांना थांबवायचा प्रयत्नही केला. पण ते माझ्या पुढे चालत होते.

साहेबांच्या केबिनमध्ये काका ज्या तऱ्हेनं शिरले, तसं मी कुणालाच शिरताना पाहिलं नाही. दार वाजवायचं विसरले. साहेब फोनवर होते, तरी हात पुढे केला. तो तसाच अधांतरी राहिला. मग न विचारताच खुर्चीवर बसले, लगेच उठले, पुन्हा टेकले. सदऱ्याला इस्त्री नव्हती. साहेबांनी फोन ठेवून "आपण?" म्हटलं, तर स्वतःचं नावही सांगितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत बोलू लागले.

"पोरांना बोलायला लावू नका साहेब. ते बोलणं माझं आहे. त्यांना मशीनपुढे उभं करा. येत असेल तर घ्या. नसेल येत तर घेऊ नका." टेबलावरचा कागद त्यांनी उगाच सरळ केला. "मला येत नव्हतं ते मी त्यांना शिकवलं."

मी दारात उभी होते. मला मान वर करवेना. साहेब हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. त्यांनी पाटलांना बोलावलं.

पुढच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये चौघांना हत्यारं देऊन पाहिलं. सवितेनं आणि पहिल्या मुलानं काम चोख केलं. दोघं लागले. दुसरा थोडक्यात राहिला. मंजुनाथला मात्र खरंच काही येत नव्हतं. तो आता मामाच्या गॅरेजात शिकतोय. रविवारचा वर्ग काकांनी बंद केला. हे सगळं झालं ते ठीकच झालं. पण मला सांगायचं आहे ते त्या केबिनमधून बाहेर पडल्यावरचं.

आम्ही कारखान्यासमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसलो. ऊन मोठं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, त्यांना एकटं सोडायला मन होईना म्हणून. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. समोरून ट्रक जात होते.

"वीणे," ते म्हणाले, "ती पोरं माझ्याकडे कधीपासून येताहेत, ठाऊक आहे?"

"वर्ष झालं असेल."

"जास्त. त्यांना जे सांगायचं ते दोन महिन्यांतच सांगून झालं होतं. नीट बस, नीट बोल. आणखी काय असतं?"

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"संपलं असं म्हटलं असतं, तर ती आली नसती. म्हणून मी दर रविवारी नवीन काहीतरी काढायचो. हसायचं कसं, श्वास घ्यायचा कसा. सोनेरी पहाट तर मी दिवाळीनंतर काढली." ते स्वतःशीच थोडं हसले. लगेच ते हसू गेलं. "ती जिना चढून यायची ना, त्यांच्या चपलांचा आवाज यायचा खालून. तेवढा ऐकायला मी सकाळी आठपासून तिथं जाऊन बसायचो. वर्ग दहाचा."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी बाहीनं पुसला. एवढी वर्षं मी त्यांच्या घरी सणासुदीला गेले, नवऱ्याला घेऊन, मुलांना घेऊन, आणि प्रत्येक वेळी चहा संपला की चप्पल शोधायला लागले होते. हे मला त्या बाकावर बसून आठवत होतं आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"काका, संध्याकाळी काय करता तुम्ही?" मी विचारलं.

"संध्याकाळी?" त्यांनी विचार केला. "असतो."

काकांच्या घराकडे जाणारी केशवापूरची बस आली. थांब्याजवळ येऊन जरा हळू झाली, ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं. काकांनी हात केला नाही. मीही केला नाही.