दादाच्या दुर्बिणीवरचा डाग

"तीन गोळ्यांत नेम जुळवतो! चौथी लागली तर दुकानाला कुलूप ठोकतो!"

चष्मेवाल्याने वहिनींसमोर अशी छाती ठोकली. आठ महिन्यांपूर्वी दादा गेला, तेव्हापासून वहिनी कमीच बोलत. दादा म्हणजे चष्मेवाल्याचा थोरला भाऊ, पट्टीचा नेमबाज. उद्या क्लबात त्याच्या आठवणीत स्पर्धा होती. पहिली गोळी दादाच्या रायफलीतून धाकट्याने मारायची आणि मग रायफल कायमची क्लबात जमा करायची, असं ठरलं होतं. दादाने लावून ठेवलेल्या नेमानेच ती गोळी मध्यावर बसावी, एवढंच वहिनींचं मागणं होतं.

"भाऊजी, रायफलीवरच्या दुर्बिणीला हात लावू नका. ती बरोबर आहे."

"अहो, आठ महिने पेटीत पडलेली दुर्बीण! सरकली असणारच. आणि भिंगं म्हणजे माझा रोजचा धंदा, वहिनी!"

आता याला कोण समजावणार? सकाळीच त्याने ती दुकानात नेऊन लख्ख पुसली होती. नेम वर-खाली करायच्या वरच्या चकतीवर कसलासा लाल डाग होता. तोही औषध लावून, नखाने खरवडून काढला. डाग दिसला की याचा हात शिवशिवतोच. स्वभावाला कुठलं आलंय औषध!

क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर मळकट उजेड होता. वहिनी मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. चष्मेवाला चौथ्या लेनमध्ये पालथा पडला. पोट आडवं आल्यामुळे जरा तिरकाच. त्याने तीन गोळ्या झाडल्या. शेजारी क्लबाचे नेमबाजी शिकवणारे मास्तर स्टँडवरच्या दुर्बिणीतून चार नंबरचा निशाणाचा कागद बघत होते.

"कोरा," मास्तर म्हणाले.

"बघा वहिनी! सरकलीय, म्हटलं नव्हतं?"

आणि त्याने वरची चकती फिरवली. टिक टिक टिक टिक! पुन्हा तीन गोळ्या. पुन्हा कोरा! मग बाजूची चकती. मग वरची उलटी. मग दोन्ही! घाम फुटला, गोळ्या संपल्या, पण कागद सासरी आलेल्या नव्या नवरीसारखा गप्प.

"किती टिका फिरवल्या, मोजलंत ना?" मास्तरांनी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? अंदाज आहे मला!"

गोळीबार थांबल्याची शिट्टी झाली आणि पाचव्या लेनमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन नाचतच आल्या.

"मास्तर! मी तीनच मारल्या, कागदावर सहा पडल्यात!"

बाईंच्या तीन कुठेतरी कडेला विखुरलेल्या. उरलेल्या तीन काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यात, एकमेकींना चिकटून. मास्तरांनी कागद पाहिला, मग चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही पाचवर मारत होता. दुर्बीण बरोबर होती. पहिल्या तीन बघा! पुढच्या सगळ्या मातीत गेल्या."

भावाने शेवटचा लावलेला नेम चष्मेवाल्याने अर्ध्या तासात स्वतःच्या हाताने उधळला होता.

वहिनी उठून जवळ आल्या. "असू द्या, भाऊजी. बाजूची चकती शून्यावर आणा, वरची लाल ठिपक्याशी, झालं."

"कुठला ठिपका?"

"यांचा नेम पक्का झाला की मी माझ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. वरच्या चकतीवर. विसरायला नको म्हणून."

चष्मेवाल्याने आपलं नख पाहिलं. कडेला अजून थोडा लाल रंग होता.

"मी... पुसला. मला वाटलं, डाग आहे."

मास्तर वहिनींकडे वळून म्हणाले, "अर्ध्या तासात पुन्हा लावून देतो, बाई."

"लावाल हो. पण तो तुमचा नेम होईल." वहिनींनी डॉक्टरीणबाईंकडून तो कागद मागून घेतला. मधल्या तीन भोकांवरून बोट फिरवलं आणि नीट घडी घालून, जपून पर्समध्ये ठेवला. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं गेटपर्यंत आले. तिथे वहिनी थांबल्या.

"भाऊजी, हे गेल्यावर माझा नवा चष्मा तुम्हीच केलात ना?"

"हो! स्वतः नंबर काढला!" बिचाऱ्याला तेवढाच आधार वाटला.

"तेव्हापासून सगळं धूसर दिसतंय. मला वाटत होतं, रडून रडून झालंय." त्यांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "उद्या दुसरीकडे तपासून घेते."